‘सगळं बॉर्डरवर आहे’ म्हणजे नेमकं काय? साखर, ट्रायग्लिसराइड, लिव्हर आणि हृदयविकाराचा धोका

आलेला प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांचं वय ३९, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टची नोकरी. वजन ६८ किलो, उंची ५ फूट ६ इंच, पँटचा नंबर ३६. सासऱ्यांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं पॅकेज केलं. उपाशीपोटी साखर १०७, एचबीए१सी ५.९, एकूण कोलेस्टेरॉल १९४, ट्रायग्लिसराइड २२८, एचडीएल ३३, एलडीएल ११५, लिव्हरच्या तपासण्यांत एसजीपीटी ६२, एसजीओटी ४१, प्लेटलेट २ लाख ४० हजार, युरिक ॲसिड ७.६, होमोसिस्टीन ३१, एचएस-सीआरपी २.८. डॉक्टर म्हणाले, ‘सगळं बॉर्डरवर आहे, कोलेस्टेरॉल ठीक आहे, तेलकट कमी करा.’ कंपनीतले मित्र म्हणतात, इन्सुलिनची टेस्ट कर आणि होमोसिस्टीनची गोळी सुरू कर. काय करायचं? त्यांनाही सासऱ्यांसारखं होईल का?

ताई, आधी थेट उत्तर देते. हो, त्यांचा धोका त्यांच्या वयाच्या इतर माणसांपेक्षा जास्त आहे, आणि तो एलडीएलच्या, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्याच्या, ११५मध्ये दिसत नाही. पण साखर १०७वर असताना हे हाती लागलंय, १६०वर नाही. आत्ता हातपाय हलवले तर बरंच काही मागे फिरवता येतं. म्हणून ‘बॉर्डरवर’ हा शब्द मला आवडत नाही. तो ऐकला की माणूस फाइल कपाटात ठेवतो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतो.

मी २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतेय. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक बँकेतले कॅशियर यायचे, वय ४६. एलडीएल १०८, ट्रायग्लिसराइड २६०, साखर ११२. मीही त्यांना तेलकट कमी करायला सांगून घरी पाठवलं. चौदा महिन्यांनी पहाटे चार वाजता त्यांना छाती दाबून धरलेल्या अवस्थेत आणलं. ते वाचले. त्या दिवशी दुपारी मी त्यांची जुनी फाइल काढून बसले होते. सगळं त्या कागदावर होतंच, फक्त मी एकेक ओळ सुटी सुटी वाचली होती. साखर वेगळी, चरबी वेगळी, लिव्हर वेगळं. तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टमध्येही होमोसिस्टीन सोडलं तर जवळजवळ सगळे लाल आकडे एकाच गोष्टीचे आहेत.

ती गोष्ट सांगते. आपलं शरीर मुख्यतः दोन इंधनांवर चालतं, साखर आणि चरबी. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि आलेलं इंधन साठवायला लावतं. रात्री पोट रिकामं असतं तेव्हा साठवलेली चरबी हळूहळू सुटते आणि लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. चरबी ठेवायची योग्य जागा म्हणजे कातडीखालचा थर, मांड्या, नितंब. ही शरीराची कणगी. कणगी मोठी असेल तर बरंच धान्य मावतं. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची ती जन्मतः लहान असते. ती भरली की उरलेलं धान्य ओसरीवर, माजघरात, मिळेल तिथे पसरतं. शरीरात ही जागा म्हणजे पोटाच्या आतली चरबी, लिव्हर, स्नायू आणि स्वादुपिंड.

एकदा लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं अर्धंच ऐकतं. ‘रात्री साखर सोडू नकोस’ हा हुकूम ते पाळत नाही, म्हणून उपाशीपोटी साखर १०७. ‘चरबी बनव’ हा दुसरा हुकूम मात्र ते इमानेइतबारे पाळतं. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांनी (१९८५ साली त्यांना कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं) २००८ साली हा विरोधाभास नीट मांडला. स्वादुपिंड बिचारं साखर आवरण्यासाठी जास्त जास्त इन्सुलिन ओततं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनने लिव्हर अजून चरबी बनवतं. ही चरबी लिव्हर व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात पाठवतं. तुमच्या रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड २२८ म्हणजे मुख्यतः हाच माल. भरलेल्या लिव्हरच्या पेशींना त्रास होतो, त्या एसजीपीटी गाळतात, तो ६२ झाला. इन्सुलिन जास्त असलं की किडनी युरिक ॲसिड नीट बाहेर टाकत नाही. शिवाय गोड पेयांतली फ्रुक्टोज साखर लिव्हरमध्ये इतक्या घाईने वापरली जाते की पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीचं चलन, खर्ची पडतं आणि त्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनतं. म्हणून ७.६.

आता एचडीएल, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ३३ का? चरबीने फुगलेले कण रक्तात फिरताना एचडीएलशी देवाणघेवाण करतात. आपली ट्रायग्लिसराइड देतात, त्याचं कोलेस्टेरॉल घेतात. असं चरबीने भरलेलं एचडीएल लवकर मोडतं आणि शरीराबाहेर जातं. तेच एलडीएलच्या बाबतीतही घडतं, पण तिथे कण नाहीसा होत नाही. तो लहान आणि घट्ट होतो, आणि त्यात कोलेस्टेरॉल कमी मावतं.

तुमच्या डॉक्टरांचा ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे’ हा निष्कर्ष इथेच चुकतो, म्हणून थोडं थांबते. चाकणच्या चौकातली सकाळ तुम्ही रोज बघता. रस्ता तुंबतो तो टेम्पोंच्या संख्येने. प्रत्येकात किती माल भरलाय याने नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातही कण शिरतात ते संख्येच्या हिशोबाने. एलडीएल ११५ हा मालाचा आकडा आहे. टेम्पो लहान असतील तर तेवढाच माल वाहायला ते जास्त लागणार. दोन माणसांचं एलडीएल ११५ असू शकतं, आणि ज्याचं ट्रायग्लिसराइड ९० आहे त्याच्या रक्तात कण कितीतरी कमी, ज्याचं २२८ आहे त्याच्या रक्तात जास्त. टेम्पो मोजायची सोय आहे. एलडीएल, व्हीएलडीएल अशा प्रत्येक घातक कणावर एपोबी नावाचं प्रथिन असतं, आणि एका कणावर एकच. गाडीला नंबरप्लेट असते तसं. एपोबी मोजलं की कण मोजले गेले.

एपोबीची तपासणी आता बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होते. ती होईपर्यंत फुकटात मिळणारा आकडा वापरा: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १९४ उणे ३३ म्हणजे १६१. हे नॉन-एचडीएल. ते १३०च्या आत हवं. म्हणजे ज्या रिपोर्टवर ‘कोलेस्टेरॉल ठीक’ असा शेरा मिळाला त्याच कागदावर ३१ने जास्त असलेला आकडा बसलाय. आणखी एक: बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल प्रत्यक्ष मोजलेलं नसतं. १९७२ सालच्या फ्रीडवाल्ड यांच्या सूत्राने ते काढतात, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून. करून बघा, १९४ उणे ३३ उणे ४५.६, बरोबर ११५ येतं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नसतं, आणि त्याआधीही ते जसजसं चढतं तसं एलडीएल खोटं कमी दिसायला लागतं.

‘पण ते तर जाड नाहीत,’ असं तुम्ही म्हणाल. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २४ आहे, बरोबर. भारतीयांसाठी २३पासूनच जास्त वजन धरतात, हे एक. दुसरं, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटासा लेख लिहिला होता. दोघांचे फोटो शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. मी हा फोटो क्लिनिकमध्ये रुग्णांना दाखवते, दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोग होतो. याच गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असण्याची ही कहाणी पाळण्यापासूनच सुरू होते.

तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. पँटचा नंबर धरू नका, पोट सुटलेली माणसं पँट पोटाच्या खाली बांधतात आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपड्यांवरून न घेता मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर ही मर्यादा, बाईला ८०. नंबर ३६ म्हणजेच ९१ होतात, खरं माप बहुधा ९५च्या पुढे निघेल.

वयाचाही एक आकडा सांगते, तो नागपूरशी जोडलेला आहे. हार्ट अटॅकची कारणं शोधणाऱ्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातला दक्षिण आशियाचा भाग नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३, बाकीच्या देशांत जवळपास ५९. सासरे ५२व्या वर्षी गाठले गेले ते या हिशोबात बसतं. वडिलांना ५५च्या आत अटॅक आलेला असणं हा मुलासाठी वेगळा, स्वतंत्र धोका धरतात.

आता मित्रांच्या सल्ल्याकडे. रक्तातला एखादा आकडा धोक्याची खूण असतो, पण तो धोक्याचं कारण असेलच असं नाही. धूर हाताने बाजूला केला म्हणून चूल विझत नाही. वैद्यकाने हा धडा बराच पैसा आणि काही जीव घालवून घेतलाय. एचडीएल कमी असलेल्यांना अटॅक जास्त येतात हे खरं, म्हणून ते वाढवणारी औषधं आली. टॉरसेट्रापिबने एचडीएल छान वाढलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले आणि २००६ साली चाचणी थांबवावी लागली. नायसिनची २५ हजारांहून जास्त लोकांवरची चाचणी २०१४ साली छापली गेली, फायदा शून्य, त्रास भरपूर. ट्रायग्लिसराइडचं तसंच. २०२२ सालच्या प्रॉमिनंट चाचणीत पेमाफायब्रेटने ट्रायग्लिसराइड पाव हिश्शाने उतरलं, अटॅक मात्र कमी झाले नाहीत. एपोबी खाली आलंच नव्हतं, कण तेवढेच राहिले होते.

म्हणून रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड २२८ दिसलं की लगेच फायब्रेटची, म्हणजे ट्रायग्लिसराइड उतरवणारी, गोळी लिहिणं मला पटत नाही. ५००च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते आणि ते तातडीने उतरवावं लागतं. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या ओमेगा-३च्या कॅप्सूलवरही पैसे घालवू नका.

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो ॲसिड, त्याच्या ३१ची गोष्ट याच जातीची. २००६ साली होप-२ आणि नॉर्विट या चाचण्यांत ब जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवलं, अटॅक उतरले नाहीत. पण हा आकडा फेकून देऊ नका. आपल्याकडे शाकाहारी किंवा आठवड्यातून एखादवेळी मांसाहार करणाऱ्या घरांत होमोसिस्टीन वाढण्याचं नेहमीचं कारण बी-१२ची कमतरता हे असतं. बी-१२ मोजा, कमी असेल तर भरून काढा. ते हातापायांच्या मुंग्या, विसरभोळेपणा आणि रक्तासाठी. हृदयासाठी घेतोय अशी समजूत करून घेऊ नका. नुसतं फॉलिक ॲसिड मात्र घेऊ नये, बी-१२ कमी असताना त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसा आतून बिघडत राहतात.

युरिक ॲसिड ७.६साठीही गोळी नको. सांधा सुजलेला नाही, मुतखडा नाही, तर औषधाची गरज नाही. ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशांना युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल देऊन बघितलं होतं, २०२२ सालच्या ऑल-हार्ट चाचणीत अटॅक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. पोट आत गेलं की हा आकडा आपोआप उतरतो.

मग कारण कोणतं? एपोबी असलेले कण. इथे पुरावा भक्कम आहे. स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणाऱ्या गोळ्या, यांच्या सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा दिसलं की एलडीएल दर ३९ने उतरवलं की हार्ट अटॅक, पॅरालिसिस अशा घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. आनुवंशिकतेचा पुरावाही याच बाजूने बोलतो, जन्मतः ज्यांचं एलडीएल कमी त्यांना अटॅक कमी.

इन्सुलिनची टेस्ट करू नका. एका लॅबचा १२ आणि दुसऱ्या लॅबचा १७ यांची तुलना करता येत नाही, मोजण्याच्या पद्धती अजून एकसारख्या नाहीत. आणि जे कळायचं ते आधीच कळलंय. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा: २२८ भागिले ३३, जवळपास ७. हे गुणोत्तर ३च्या वर गेलं की इन्सुलिनला दाद न देणारं शरीर समोर आहे असा माझा अंदाज सहसा चुकत नाही. त्यात कमरेचं माप आणि एसजीपीटी धरलं की शंका उरत नाही. पॅकेजात अमिनो ॲसिड, सिरामाइड असल्या नव्या तपासण्याही हल्ली दिसतात. संशोधनात त्यांना अर्थ आहे, तुमच्या मिस्टरांचं उद्याचं जेवण त्यांनी बदलणार नाही.

एक तपासणी मात्र नक्की करा, आयुष्यात एकदाच. लायपोप्रोटीन लिटल ए, लॅबवाले ‘एलपीए’ म्हणतात. हा एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक जास्तीचं चिकट प्रथिन लटकलेलं असतं. तो जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येतो, खाण्यापिण्याने बदलत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर बाकी सगळ्या बाबतीत हात आखडता घ्यायचा नाही. भारतीयांत तो वाढलेला असण्याचं प्रमाण लक्षणीय आहे, आणि कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत तो प्रत्येकाचा एकदा तरी तपासावा असं म्हटलंय. वडिलांना लवकर अटॅक आलेल्या घरात मी हा पहिल्याच भेटीत लिहिते.

साखरेच्या आकड्याबद्दल एक बारीक पण महत्त्वाची बाब. रक्त काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात. लाल पेशींना साखरेशिवाय दुसरं इंधन वापरताच येत नाही, त्यामुळे बाटलीतही त्या साखर खात बसतात. साध्या बाटलीत, खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची बाटली असते, तिच्यात फ्लोराइड असतं, ते हे खाणं थांबवतं. तेही पहिल्या तासा-दीड तासात पूर्णपणे नाही. घरी येणारा मुलगा सकाळी सहाला पहिलं रक्त घेतो, मग आणखी आठ-दहा घरं करून नऊला लॅबमध्ये पोचतो. पुढच्या वेळी त्याने करडं टोपण वापरलं का ते बघा, आणि जमलं तर सरळ लॅबमध्ये जाऊन रक्त द्या. मिस्टरांची खरी साखर १०७पेक्षा जास्त असेल, कमी असण्याची शक्यता थोडी.

एचबीए१सी ५.९ला या बाटलीचा त्रास नाही, पण त्याचे स्वतःचे खोडे आहेत. लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, त्या काळात तिला किती साखर चिकटली हे तो सांगतो. लोह कमी असलं तर तो खोटा जास्त येतो. ताई, तुम्ही स्वतःचा तपासलात तर आधी हिमोग्लोबिन बघा. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकल सेल असलेल्या घरांत, किंवा थॅलेसिमिया मायनर असेल तर, त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. मिस्टरांच्या बाबतीत साखर आणि एचबीए१सी दोन्ही एकच सांगतायत: मधुमेहाच्या आधीची पायरी. १००च्या आत आणि ५.७च्या आत हवं होतं, १२६ आणि ६.५ला मधुमेह म्हणतात.

लिव्हरचं: एकदा पोटाची सोनोग्राफी आणि हिपॅटायटिस बी व सी करून घ्या. दारूचा खरा हिशोब डॉक्टरांना सांगा, शनिवार-रविवारचाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ नावाचा आकडा काढतात, मी तुमच्या रिपोर्टवरून काढला, ०.८५ आला. १.३च्या खाली असला की लिव्हर कडक होऊ लागल्याची शक्यता कमी. ही चांगली बातमी आहे. एचएस-सीआरपी (शरीरातल्या सुजेची खूण) २.८ मध्यम आहे, सर्दी-दाढदुखी नसताना पुन्हा बघू, सध्या त्यावर काही करायचं नाही.

आणि पॅकेजात न येणाऱ्या तीन गोष्टी. ब्लड प्रेशर. तंबाखू, सिगरेट, गुटखा. घोरणं, विशेषतः घोरता घोरता श्वास अडकणं. प्रश्नात तुम्ही यांचा उल्लेख केलेला नाही. तंबाखू असेल तर वरचं सगळं दुय्यम, आधी ती सुटली पाहिजे. इंटरहार्टमध्ये पहिल्या दोन नंबरांवर एपोबीशी जोडलेला चरबीचा आकडा आणि धूम्रपान हेच होते.

आता ‘तेलकट कमी करा’. हा सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. लिव्हरमधली चरबी येते कुठून, हे २००५ साली अमेरिकेत मोजलं गेलं होतं. साधारण ५९ टक्के शरीराच्या साठ्यातून सुटलेली, २६ टक्के साखर-पिठापासून लिव्हरने स्वतः बनवलेली, आणि जेवणातल्या तेल-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. मिस्टर भजी सोडतील आणि कंपनीत दिवसाला पाच गोड चहा, वर बिस्किटं चालू ठेवतील तर ट्रायग्लिसराइड तसूभर हलणार नाही. माझा क्रम असा. गोड चहा, कोल्ड्रिंक, उसाचा रस, पॅकबंद ज्यूस आधी बंद. मग ताट बदला: दोन पोळ्या आणि भाताचा डोंगर याऐवजी एक भाकरी किंवा पोळी, वाटीभर मोड आलेली मटकी, हुलगे किंवा अंडी, दही, आणि भाजी दुप्पट. भात आवडत असेल तर वाटीभर, पोळीच्या जागी. उपवासाचा साबुदाणा हा निव्वळ स्टार्च आहे, एकादशीला त्यापेक्षा भगर-शेंगदाण्याची आमटी आणि ताक बरं, तेही मापात. दारू घेत असतील तर तीन महिने पूर्ण बंद, ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटी दोन्हीवर तिचा परिणाम लगेच दिसतो.

नाइट शिफ्टचं मला जास्त वाटतं. रात्री तीनला कँटीनमध्ये भरपेट जेवण, सकाळी घरी येऊन पुन्हा पोहे आणि झोप. त्या वेळी शरीर इंधन जाळायच्या तयारीत नसतं. मुख्य जेवण शिफ्टला जाण्याआधी घरी करू दे. रात्री मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ताक, एखादं उकडलेलं अंडं. सकाळी हलकं खाऊन झोप.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, रोज, प्रत्येक मोठ्या जेवणानंतर. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून इतक्या साध्या गोष्टीला मी इतकं महत्त्व देते. आठवड्यातून तीन दिवस बैठका, जोर, वजन उचलणं. आपल्याला स्नायू मुळात कमी, ते वाढवले तर साखर ठेवायची जागा वाढते. वजन चार-साडेचार किलो उतरलं, म्हणजे ६४च्या आसपास आलं, की लिव्हर बरंच मोकळं होतं.

याने हृदयाला खरंच फरक पडतो का? चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली मधुमेहाच्या आधीच्या पायरीवरच्या ५७७ लोकांना घेऊन अभ्यास सुरू झाला. सहा वर्षं आहार-व्यायामावर काम झालं. तीस वर्षांनी, २०१९ साली, निकाल छापला: मधुमेह सरासरी चार वर्षं लांबला, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना २६ टक्क्यांनी कमी, त्यातून होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी. सहा वर्षांच्या कष्टाचं देणं तीस वर्षं मिळत राहिलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासातही (२००६) आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने जवळपास तेवढंच.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. आधीचे दोन-तीन दिवस दिवसपाळी आणि नीट झोप असू दे, रात्रपाळी करून आल्या आल्या दिलेलं रक्त ‘उपाशीपोटी’ म्हणता येत नाही. दहा-बारा तास उपास, आधीचे तीन दिवस दारू किंवा लग्नाचं जेवण नाही. लिपिड, एपोबी, साखर, एचबीए१सी, एसजीपीटी, टीएसएच. थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड त्यानेही चढतं, हे विसरलं जातं. ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी उतरतं, काही आठवड्यांत. मग एसजीपीटी, मग एचबीए१सी. एचडीएल सगळ्यात हट्टी, ते ३३चं ३६ झालं तरी निराश होऊ नका.

स्टॅटिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तीन महिन्यांनी नॉन-एचडीएल १३०च्या वरच राहिलं, किंवा लिटल ए ५०च्या पुढे निघालं, तर मी त्यांना स्टॅटिन सुरू करेन, ५०व्या वर्षाची वाट बघणार नाही. एपोबी ९०च्या खाली आणायचा माझा प्रयत्न असेल. एसजीपीटी ६२ आहे म्हणून स्टॅटिन चालत नाही असं सांगणारे भेटतील. मर्यादेच्या तिपटीपर्यंत ते देता येतं. साखर किंचित वाढते हे खरं आहे, २०१० सालच्या एकत्रित विश्लेषणात २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तेव्हा एकाला जास्तीचा मधुमेह झाला. त्या मानाने टळणारे अटॅक कितीतरी जास्त. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा, कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन मी आत्ता करणार नाही. ३९व्या वर्षी तो धोका असलेल्यांचाही शून्य येऊ शकतो, आणि शून्य बघून माणूस सगळं सोडून देतो. अंतिम निर्णय त्यांना समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. हा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि नॉन-एचडीएल १६१वर बोट ठेवून विचारा.

यातलं काहीही सुरू असताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, गार घाम, चालताना येणारा आणि थांबलं की जाणारा धाप-दाब जाणवला, तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन बसू नका. १०८ला फोन करा, ईसीजी निघेल तिथे पोचा. त्या वेळी कुठलाही जुना रिपोर्ट बघत बसायचं नाही.

आणि एक राहिलं. लिटल ए घरातून येतो असं वर म्हटलं. मिस्टरांचा जास्त निघाला तर त्यांच्या सख्ख्या भावा-बहिणींचाही एकदा तपासा, ते कितीही बारीक असले तरी. मुलांचाही, पण त्याची घाई नाही, मोठी झाल्यावर एकदा. सासऱ्यांचा कधी मोजला होता का, हे त्यांच्या फाइलमध्ये आज संध्याकाळी बघून घ्या.